माझ्या अर्जात पप्पा वारले

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करताय? मग आज माझ्यासोबत काय झालं ते वाचा.

मी एमबीबीएस, घरातली पहिली पदवीधर. अर्जासोबत आपण डॉक्टर का झालो हे लिहून द्यावं लागतं. इंग्रजीत लिहायची धास्ती, म्हणून ते आणि बाकीचा अर्ज आमच्या जवळच्या आमली भागातल्या एका सल्लागाराकडे सोपवला होता. आज पप्पांना घेऊन गेले, तेव्हा त्याने प्रिंट हातात दिली.

दुसऱ्याच परिच्छेदात होतं की, गावात डॉक्टर नसल्यामुळे माझे वडील माझ्या मांडीवर डोकं ठेवून वारले.

वडील शेजारच्या खुर्चीत चहा पीत होते.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मी गेलो? मग आज सेकंड शिफ्टला कंपनीत कोण जाणार?"

सल्लागार हसला. "काका, स्टोरी स्ट्राँग पाहिजे. तिकडे कोण चेक करतंय?"

मी बाकीचा अर्ज उघडायला लावला. दादरा गावातल्या आरोग्य शिबिरात मी एकच दिवस होते, तिथे वर्षभर लिहिलं होतं. आणि खाली 'सर्व माहिती खरी आहे' म्हणून सही माझी असणार होती! अर्ज अजून गेला नव्हता, हे नशीब. त्याला दिलेला माझ्या अर्जाचा पासवर्ड तिथेच बदलला.

खरं सांगू? तो खोटा परिच्छेद वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणूनच आता प्रत्येक सुंदर ओळीचा संशय येतोय.

तुम्हीही दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल, तर तुमच्या घरचं कोण कोण गेलंय, ते एकदा बघितलंत का?