चिंतामणींचं ‘येतो’

महाडच्या बाजारपेठेत चिंतामणींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेला रेडिओ पुढ्यात आला की हा माणूस तहानभूक विसरायचा, आणि नसला की बाकी सगळंच विसरायचा. अशा माणसाला नेमका काचबिंदू व्हावा! डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा वाईहून यायचे. चिंतामणी कधी तारीख चुकवायचे, कधी तारीख बरोबर पण पोहोचायचे पोलादपूरला. आम्ही शेजारी हसायचो. त्यांच्या बायकोला, सरोजवहिनींना मात्र हसू येत नसे. “तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांचीही पर्वा नाही,” त्या म्हणायच्या.

शहाण्णव साली उजवा डोळा गेला. डाव्याचं ऑपरेशन ठरवायचं होतं, म्हणून वहिनींनी त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवलं. आत बसल्यावर चिंतामणींना आठवलं, जुने कागद घरीच राहिले. कंपाउंडरला “येतो” म्हणून ते उठले. वाटेत दुकानापाशी पाचाडचा पांडू रेडिओ घेऊन उभा.

“शेट, येवडा बघा ना. बोलतच नाय.”

रेडिओ उघडला आणि चिंतामणी त्यात बुडाले.

दुपारी वहिनी दवाखान्यात डोकावल्या. “ते ‘येतो’ म्हणून गेले,” कंपाउंडर म्हणाला. त्याच्या मते ते परत यायचे होते. वहिनींना वाटलं, तपासून झालं, निरोप घेऊन गेले. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणतंय कोण? त्या निश्चिंत घरी गेल्या. शोधायला कुणी निघालंच नाही आणि डॉक्टर निघून गेले.

संध्याकाळी घरात रण माजलं. “आता वाईला एकटे जा. लहान का आहात तुम्ही?” चिंतामणींनी कबूल केलं. मनापासून केलं, हे मी आज सांगू शकतो. पण उद्या-परवा करता करता पावसाळा आला, वाईच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात दरड कोसळली आणि डॉक्टरांचं येणंही थांबलं. डॉक्टर भेटले ते गणपतीनंतर. तोवर डावा डोळाही गेला होता. दुकान बंद झालं.

आठ-दहा वर्षांनी त्यांची भाची अस्मिता पुण्याहून डॉक्टर होऊन आली. मामाचे सगळे किस्से तिने न हसता ऐकले.

“मामा, याला एडीएचडी म्हणतात. लक्ष धरून ठेवता येत नाही, वेळ हातातून निसटते. मोठ्या माणसांनाही असतं. यावर औषधही आहे.”

चिंतामणी म्हणाले, “म्हणजे मी बेपर्वा नव्हतो.”

वहिनींना रडू आवरेना. “तेव्हा कुणी सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर दिवसभर तुमच्या शेजारी बसून राहिले असते हो मी.”