दारावरची वही

मी जन्मतः संशयी नाही, नवऱ्याने केलं. रोज माझा मोबाइल तपासणाऱ्या आणि मारून झाल्यावर स्वतःच हळद लावायला बसणाऱ्या माणसाबरोबर अकरा वर्षं काढली, की कोणी गोड बोललं तरी अंगावर काटा येतो. कल्याणचं घर सोडून मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. ती कुठे आहे हे घरमालकीणबाई सोडल्या तर कोणालाच माहीत नव्हतं.

ठाण्याच्या समुपदेशन केंद्रातल्या मॅडम फारच गोड बोलायच्या. त्यांनी चहा मागवला तेव्हाच मी मनात म्हटलं, ही बाई नक्की त्याच्या बाजूची. "सध्या कुठे राहता?" त्यांनी विचारलं. मी बेधडक बहिणीचा घोडबंदर रोडचा पत्ता ठोकून दिला. बाहेर पडताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दोन आठवड्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवायचं ठरलं. तिथली तशी पद्धतच होती. मी नको म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात हो." नवरा इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी हजर. मॅडमसमोर मऊ आवाजात मला म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर चढ-उतार करायची म्हणजे तुझा गुडघा दुखत असेल गं."

मॅडम लिहीत होत्या. मी समोरून उलटं वाचलं: पती आस्थेने चौकशी करतात.

तिसरा मजला याला कुणी सांगितला? मी आधी मॅडमकडेच पाहिलं. पण त्यांना तर मी खोटा पत्ता दिला होता. मग आठवलं. पहिल्या दिवशी केंद्राच्या वॉचमनने दारावर वही पुढे सरकवली होती. नाव, पत्ता, मोबाइल, कोणाकडे जायचंय. हल्ली कुठल्याही सोसायटीत शिरताना लिहितो तसा हात आपोआप चालला, आणि वर मॅडमना बनवणारी मी खाली खोली नंबरासकट सगळं खरं लिहून आले होते. आज त्याच वहीत लिहिताना नवऱ्याने मागची पानं चाळली असणार.

"मॅडम, मी यांना मजला सांगितलेला नाही. खालची वही बघा."

नवरा हसला. "संशयी स्वभाव आहे हो हिचा."

मॅडम खाली गेल्या आणि वही घेऊनच वर आल्या. त्याला बाहेर बसायला लावलं आणि आपल्या कागदावरची ती आस्थेची ओळ खोडली. "चूक आमची आहे," म्हणाल्या. त्याच दिवशी महिला पोलीस सोबत देऊन माझं सामान हलवलं.

आता तिथे वहीत नाव-पत्ता नाही, नुसता केस नंबर लिहितात, असं ऐकते. चांगलं झालं. पण त्यासाठी माझी खोली जावी लागली, याचा राग अजून जात नाही. नवी जागा मॅडमनीच शोधून दिली होती, म्हणून महिन्याभरात तीही मी बदलली.

गावाहून आई फोन करते. "अगं, निदान कुठल्या स्टेशनला उतरायचं तेवढं तरी सांग."

मी तिला आज भाजी काय केलीस ते विचारते.