टाकीमागचे सर

शिक्षा द्यायला आमच्या पोरीच्या हेडसरांएवढा येळ लावनारा मानूस शिरूर तालुक्यात झाला न्हाई. दौंड तालुक्यात बी नव्हता, पन आता हाय, ते शेवटाला सांगतो. आमच्या येळंला मास्तरांचा हात आधी यायचा आन् चौकशी मागनं. मी तिसरीपतुर शाळेत व्हतो, त्यातला निम्मा काळ अंगठं धरून. त्यामुळं मला शाळा आठवती ती उलटीच, दोन पायांच्या मधनं दिसलेली. हे सर तसले न्हाईत. कुनी खुर्चीवर डिंक ओतू द्या, कुनी संडासाच्या भिंतीवर बाईंचं चित्र काढू द्या, सर शांतपने म्हननार, "बरं. आढीत घालतो." आपन आंबे आढीत घालतो तशी सर शिक्षा आढीत घालायचे. पिकली की काढायची. तवर पोरानं नुसता वास घेत हिंडायचं.

आन् ते हिंडनं लई वंगाळ. डिंकवाल्या पोरांमधलं एक तर बापाला घेऊन आलं आन् रडत म्हनलं, "सर, मारा, पन काय ते आजच मारा!" सर म्हनले, "अजून कच्ची आहे रे." मारायचा त्यांना भारी कंटाळा. "मारून काय मिळतं? माझा हात दुखतो. ज्याचं जे नेलं, त्याचं ते परत द्यायचं, एवढंच." दोन पोरांनी एका बाईंच्या स्कूटीची हवा सोडली. बाईंना घरी जायला रात झाली, सैपाकाला उशीर झाला. सरांनी आढी उघडली तवा त्यातनं काय निघालं? तर एक आख्खा रविवार दोघांनी बाईंच्या घरी बसून मटार सोलायचे. एकानं निम्मे खाल्ले, तर सरांनी त्याला पुढच्या रविवारी परत बसवलं.

सरांना हसताना कुनी बघितलं नव्हतं. शाळेच्या मागं पान्याची काळी मोठी टाकी हाय. पोरांची तक्रार आली की सर पूर्ती ऐकून घ्यायचे, खिशातला रुमाल काढून तोंडावर धरायचे आन् बिगीबिगी टाकीमागं जायचे. थोड्या टायमानं यायचे ते डोळं लाल, तोंड कोरडं. मी गावभर सांगितलं, सर टाकीमागं तंबाखू मळत्यात. माझी पिकअप हाय, तळेगाव ढमढेऱ्याहून तरकारी भरून मार्केटला नेतो, त्यामुळं मी एकदा बोललो की ती बातमी तरकारीसंगं चार गावांत उतरती. जवा पाळी माझ्यावर आली तवा ही बातमी मला लई महागात पडंल असं वाटाय लागलं.

पाळी अशी आली. शाळेला जागा देनारे एक आबा व्हते, ते वारले. शाळेत शोकसभा ठेवली. पुढं खुर्चीवर आबांची बायको, आमची समद्यांची आजी. शेजारी संस्थेचे चेअरमन. माझी पोरगी दहावीला. स्पीकरवर मोबाईलमधनं प्रार्थना लावायचं काम तिच्याकडं, म्हनून तिनं त्या दिवशी माझा मोबाईल नेलेला. आता माझ्या मोबाईलात काय असनार? मी लग्नाच्या पंगतीत काखेत हात घालून असला आवाज काढतो की वाढपी पातेलं टाकून बाजूला व्हत्यात. ती माझी एकच विद्या. पुतन्यानं ती रेकॉर्ड केलेली, मी बी ती जपून ठिवलेली. मैत्रिनींनी पोरीसंगं पैज लावली, सभेत ह्ये वाजवून दाखव. सर म्हनले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." समदी शाळा गप झाली, झाडावरचं पाखरू बी गप झालं, आन् तेवढ्यात स्पीकरवर माझी विद्या वाजली. चांगली लांबलचक, शेवटाला मुरका मारलेली.

पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली म्हनं. चेअरमन लालबुंद. "कोण आहे ती? दाखला द्या हातात, आत्ताच्या आत्ता!" आवाज कुनाचा ह्याची चौकशी करायला लागलीच न्हाई, आमच्या भागात तो दुसऱ्या कुनाचा असूच शकत न्हाई. आजीनं पदर तोंडावर वढला आन् खाली मान घातली. आन् सर रुमाल तोंडावर धरून टाकीमागं गेले.

मी धावत शाळेत गेलो. मला भ्या वाटलं की माझं तोंड जास्तच चालतं. म्हनलं, "सर, आवाज माझा हाय, दाखला मला द्या. तसं बी मला तिसरीनंतरचा मिळालेला न्हाई." सरांनी माझ्याकडं बघितलं, रुमाल काढला आन् उठून टाकीमागं गेले. म्हनलं, आता दाखला लिहूनच आनत्यात. आले आन् म्हनले, "आढीत घातलंय. जा तुम्ही."

घरी गेलो तर आमचे थोरले दादा वट्ट्यावर बसलेले. आमच्या घरात ठरवायचं दादांनी आन् हसवायचं मी, अशी वाटनी पहिल्यापासनं. दादा म्हनले, "दाखला आला की बरंच झालं. दुसरी शाळा लांब, रोज जीपनी कोन धाडतंय? दौंडकडचं स्थळ हाय. पोराला कंपनीत काम हाय. उरकून टाकू." मी म्हनलो, "दादा, सोळाची बी पूर्ती न्हाई ती." दादा म्हनले, "मग ठरवून तरी ठिवू." ह्याच्यावर मला बोलायचं व्हतं, लई बोलायचं व्हतं, पन दादांपुढं माझ्या तोंडातनं फकस्त इनोद निघतो, आन् त्या टायमाला तो बी निघंना. आत गेलो तर बायको चुलीपुढनं म्हनली, "आता का आवाज फुटंना? लग्नात तर काखेतनं बी निघतो तुमचा!"

त्या दिसांत मी काय काय केलं ते इचारू नका. फोन वाजला की मला शाळाच दिसायची. कोरेगाव भीमाच्या गर्दीत मी लाल सिग्नलला गाडी सोडली आन् हिरव्याला थांबलो, मागचे ड्रायव्हर माझ्या खानदानाची चौकशी करत व्हते. मेथी उतरवायची तिथं कोबी उतरवला. पोरीचं तर इपरीतच. जेवना, बोलना. रविवारी सकाळी बघितलं तर युनिफॉर्म घालून, वेन्या घालून, पुस्तक घेऊन बसलेली. म्हनलं, "अगं, आज सुट्टी हाय." तर म्हनली, "म्हाईत हाय पप्पा. परत घालाय मिळतो का न्हाई, म्हनून घातला." मी गाडी पुसायला भाईर गेलो, ती आधीच पुसलेली व्हती.

शेवटाला एका सकाळी सरांचा निरोप आला, "दोघं या." आमी पोचलो तवा सर सायकल काढून उभे. "चला माझ्यामागं." सरांची सायकल चालन्यापेक्षा जरा हळू. मी पिकअप पहिल्या गियरमधी घालून मागं मागं, पोरगी शेजारी, समदं गाव बघतंय. दादा बी बघत व्हते. सर थांबले ते आजीच्या दारात.

आजीनं आमाला बसा म्हनलं न्हाई. सर म्हनाले, "आजी, हिनं तुमची दोन मिनिटं नेली. ती परत द्यायला आणलंय."

आजी म्हनली, "कशाला? आता ह्यांचं नाव घेतलं का पोरांना त्योच आवाज आठवनार. मला बी त्योच आठवतो. ते कसं परत देतीय ती?"

पोरगी रडाय लागली. मी आयुष्यात लई लोकांना हसवलं, पन माझ्या एका आवाजानं असं कुनाचं मानूस वाया गेलेलं मी बघितलं नव्हतं. सर म्हनाले, "एकदम नाही जमायचं, आजी. रोज थोडं थोडं घ्या. शाळेच्या आधी ही येईल आणि आबांच्या फोटोपुढं दोन मिनिटं गप उभी राहील. आवाज ज्यांचा होता ते पण."

मी म्हनलो, "सर, मी? गप? मी झोपेत बी बोलतो, बायकोला इचारा."

"म्हणूनच," सर म्हनले. "दाखला मी देणार नाही. तसं चेअरमनसाहेबांना सांगून आलोय."

मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! दोन मिनिटं केवढी असत्यात ते गप बसल्याबिगर कळत न्हाई. पयल्या दिवशी मला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी आबांच्या फोटोवर माशी बसली, ती नेमकी मिशीवर, आन् मी "हाड्" म्हनलो. आजी म्हनली, "पुन्यांदा." एकदा माझा मोबाईल वाजला, पुन्यांदा. एकदा गोठ्यातल्या म्हशीनंच आवाज काढला, मी आजीला म्हनलो, "देवाशप्पत, ह्यो मी न्हाई." आजीचा पदर तोंडावर गेला, पन ह्या टायमाला खांदं हालत व्हतं. तरी म्हनली, "पुन्यांदा." हळूहळू दोन मिनिटांनंतर च्या व्हायला लागला. मग पोरगी इचारायची, आबा कसे व्हते? आन् आजी सांगायची. दादांनी दौंडच्या स्थळाचं दोनदा काढलं. तिसऱ्यांदा मी बोललोच, "दादा, पोरगी शिकनार." बस, तेवढंच. त्याच्या पुढं मी गप राह्यलो, आजीपुढं ऱ्हातो तसा. दादांना माझं बोलनं म्हाईत व्हतं, गप ऱ्हानं म्हाईत नव्हतं. ते उठून गेले.

पोरगी पास झाली. आता एसटीनं शिरूरला जाती, अकरावीला. सरांची मातर बदली झाली. संस्थेची एक बारकी शाळा कुरकुंभच्या अलीकडं माळावर हाय, तिथं. कशामुळं, ते कुनी बोललं न्हाई आन् समद्यांना कळलं. निरोपाच्या दिवशी त्यांचं सामान माझ्याच गाडीत भरलं. मी म्हनलो, "सर, एक सांगा. टाकीमागं तंबाखूच मळत व्हता ना?"

सर म्हनाले, "हसत होतो हो. मला फार हसू येतं. हसू असताना शिक्षा दिली तर ती खोटी होते, आणि राग असताना दिली तर जास्त होते. म्हणून थांबतो. तुमच्या मुलीच्या वेळी फार थांबावं लागलं. तो आवाज आठवला की टाकीमागं, आणि आजींचा पदर आठवला की हसायची लाज. दोन्ही ओसरेपर्यंत आढी उघडता येईना."

म्हंजी आमी घरी मरत व्हतो तवा ह्यो मानूस टाकीमागं हसत व्हता. मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाई.

परवा कांदा घेऊन कुरकुंभला चाललो व्हतो. न्हावऱ्यावरनं चौफुला गाठला, पुढं शाळंपाशी गाडी हळू केली. कंपन्यांच्या धुराचा वास, उघडा माळ, पत्र्याच्या चार खोल्या. त्या शाळेत टाकी न्हाई. एक कडुनिंबाचं झाड हाय, माझ्या मनगटाएवढं. आन् त्याच्यामागं सर उभे, तोंडावर रुमाल. निम्मे हिकडनं दिसत्यात, निम्मे तिकडनं. समदी शाळा खिडकीतनं बघतीय, आन् सरांना वाटतंय आपन कुनाला दिसत न्हाई.

हॉर्नवर हात गेला व्हता. सांगायचं व्हतं, पोरगी रोज एसटीच्या आधी आजीकडं थांबती, मी बी जातो, आजी अजून पुरे म्हनली न्हाई. पन हात मागं घेतला, गाडी बंद केली आन् त्यांचं हसू संपस्तवर गप बसून राह्यलो. कुनी सांगितलेलं नव्हतं.