मे महिन्याच्या मॅडम

कुणी चकचकीत ब्रोशर समोर ठेवलं, की मॅडम ते उलटं करायच्या आणि त्यावर आपला चहाचा कप ठेवायच्या. मग आईवडिलांकडे न बघता थेट मुलाला विचारायच्या, "तिथे जाऊन करणार काय तू?"

या एका प्रश्नावर भलीभली मुलं आईच्या तोंडाकडे बघायला लागलेली मी बघितली आहेत.

परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरायला मुलांना मदत करणारं आमचं ऑफिस अंधेरीत होतं. मी मुलांच्या निबंधांचं इंग्रजी तपासायचो, मॅडम मुलांशी बोलायच्या. आधी त्या मुलुंडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि आवाज असा, की बंद केबिनमधून रिसेप्शनपर्यंत यावा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण अगदी हळू बोलतो असं मनापासून वाटत असतं.

मे महिना आमच्या सीझनचा. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे राहायचं, फोटो काढायचे, सर्टिफिकेट घेऊन यायचं, अशी समर प्रोग्रॅमची पॅकेजं विकायची आमच्या मालकांना, म्हणजे सरांना, भारी हौस. पालकांनाही वाटायचं, एवढं केलं की ॲडमिशन खिशात.

"यानं ॲडमिशन मिळते ना, मॅडम?" कुणीतरी विचारायचंच.

"खोटं नाही सांगणार. कधी मिळते, कधी नाही. पण चांगल्या ठिकाणी गेलेलं मूल वेगळं होऊन परत येतं. बाकीची टी-शर्ट घेऊन येतात."

सर केबिनच्या काचेपलीकडे कपाळाला हात लावायचे.

तन्वी आली ती आईचा हात धरून. राहायची दहिसरला, शिकायची अकरावीत. बोलताना अडखळायची, म्हणून तिच्या वाटची सगळी उत्तरं आईच द्यायची. सरांनी परदेशातल्या एका प्रोग्रॅमचं ब्रोशर आधीच त्यांच्या हातात दिलं होतं. मॅडमनी त्यावर कप ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

तन्वीचे ओठ हलले, आवाज फुटेना. आई बोलायला गेली, तर मॅडमनी नुसता तळहात वर केला. आम्ही सगळे थांबलो.

"मुं... मुं... मुंग्या," तन्वी म्हणाली.

"झकास! मुंग्यांचं काय?"

घरात ओट्यावर मुंग्यांची रांग लागते, मध्ये डबा ठेवला की त्या वळसा घालून पुन्हा त्याच रांगेला कशा लागतात, हे तिला शोधायचं होतं. दक्षिणेतली एक संशोधन संस्था दर उन्हाळ्यात शाळा-कॉलेजातली थोडीच मुलं निवडून आपल्याकडे राहायला बोलावते, हे मॅडमना ठाऊक होतं. पण निवड व्हायची ती फोनवरच्या मुलाखतीतून.

आईचा चेहरा उतरला. मालवणकडची बाई, घाबरली की तिची गावची बोली बाहेर यायची आणि मुलीचं 'चेडू' व्हायचं. "माझा चेडू अडखळता, मॅडम. थंय तेका कोण हसलो तर?"

"हसू दे. मुंग्या नाही हसणार."

सर चिडले. "त्या संस्थेचं नाव बाहेर कोण ओळखतं? वाट लावाल पोरीची."

"लागली तर माझं नाव सांगा."

"सांगेनच. आणि मग समरचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

मुलाखतीची तयारी जुहूला झाली. भेळेच्या गाडीसमोर मॅडमनी तन्वीला पुढे केलं. "तीन भेळ, एक कमी तिखट. मी सांगणार नाही, तू सांग." तिसरी भेळ माझी, म्हणून मी साक्षीला. तन्वी 'भे'वर अडली. मागे उभा असलेला एक जण पुटपुटायला लागला. मॅडम वळल्या. "घाई आहे का तुम्हाला? आम्हाला नाही." भेळवाला हसू दाबून शांत उभा राहिला. तीन भेळ मिळाल्या. कमी तिखट मात्र सांगायचं राहिलं, त्यामुळे मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या "एक नंबर!" म्हणत खात होत्या.

तन्वीची निवड झाली. ती गेली, आणि आठवडा व्हायच्या आत मॅडमचा फोन वाजला. त्या नेहमी स्पीकरवरच बोलायच्या.

"मॅडम, मला घ... घरी यायचंय."

"ये. मी तिकीट काढते. पण झालं काय, ते सांग."

बाकीच्यांचे प्रयोग पुढे सरकत होते. हिच्या मुंग्या दिवसभर व्हरांड्यात साखरेपर्यंत छान रांग धरायच्या आणि सकाळी रस्ताच विसरायच्या. रोज पहिल्यापासून सुरुवात. शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं काय?

"उद्या पहाटे तिथे जाऊन बस," मॅडम म्हणाल्या. "काय होतं ते बघ. मग ये."

दुसऱ्या दिवशी फोन आला तो किंचाळतच. रोज पहाटे साफसफाईच्या मावशी व्हरांडा फिनाइलनं पुसत होत्या! मुंग्या काही विसरत नव्हत्या, त्यांच्या वाटेचा वासच पुसला जात होता. तन्वीनं मावशींना कोपरा सोडायला सांगितलं, पण त्यांना ना मराठी येई, ना हिंदी, ना इंग्रजी. मग हिनं मेसमधल्या मुलींकडून त्यांच्या भाषेतले चार शब्द शिकून घेतले.

"नव्या भाषेत सगळेच अ... अडखळतात, मॅडम!" ती म्हणाली आणि खदखदून हसली. तिला असं हसताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिकीट कुणी काढलं नाही. अर्धा व्हरांडा पुसलेला, अर्धा न पुसलेला, असा तिचा नवा प्रयोग सुरू झाला. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर ती बोलली, अडखळत, पण पूर्ण.

पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जातल्या निबंधात तिनं फिनाइलवरच लिहिलं. सरांना ते जड, शास्त्रीय करून हवं होतं. मॅडमनी मला दम भरला, "स्पेलिंग तपास. निबंधातल्या पोरीला हात लावू नकोस."

विद्यापीठाची मुलाखत आमच्याच ऑफिसातून व्हिडिओवर झाली. मॅडम बाहेर काचेला कान लावून. उन्हाळ्यात काय केलंस, या प्रश्नावर तन्वी बोलायला लागली आणि अडली. इकडे सर येरझाऱ्या घालत होते. मग आतून तिचा आवाज आला, पुढे पुढे जात राहिला, आणि एकाएकी पलीकडचे प्राध्यापक मोठ्यानं हसले. फिनाइलपर्यंत गोष्ट पोचली होती.

निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, मि... मि..."

आम्हा सगळ्यांना कळलं होतं. पण मॅडमनी तिला मध्ये तोडलं नाही. डोळे मिटून त्या पूर्ण शब्दाची वाट बघत राहिल्या.

"मि... मिळाली! स्कॉलरशिपसकट!"

मग मॅडमनी जी आरोळी ठोकली, ती खालच्या रिक्षावाल्यांनी मान वर करून ऐकली. संध्याकाळी तन्वीची आई मालवणी खाजं घेऊन आली. मॅडमना मिठी मारून म्हणाली, "नाव काढल्यान माझ्या चेडवान!" सरांनी तन्वीचा फोटो रिसेप्शनवर लावला आणि समरचं सगळं काम कायमचं मॅडमकडे दिलं. खाजं खाता खाता विचारलं, "मॅडम, मुंग्यांचं एखादं पॅकेज काढता येईल का हो?"

मॅडम आता आमच्या ऑफिसात नाहीत. त्याच संस्थेनं उन्हाळ्यात शिक्षकांसाठी एक वर्ग काढला. तन्वीनं परदेशातून त्यांच्यामागे लकडा लावला आणि मॅडमनी अर्ज केला. निवड झाली, तर पठ्ठीनं नोकरीच सोडली. तिथे आता त्या मदतनीस म्हणून राहिल्या आहेत, मुलांबरोबर डोंगर चढतात म्हणे.

परवा त्यांचा एक फोटो आला. चेहरा दिसत नाही. पदर खोचून, भिंग घेऊन त्या गवतात ओणव्या झाल्या आहेत, आणि त्यांना काय सापडलं ते बघायला तीन-चार पोरी एकमेकींच्या खांद्यावर रेलून वाकल्या आहेत.