न मिळालेलं वचन

हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही, माझ्या मुलांना नाही, आणि – कसं सांगू – देवालाही नाही. त्याला सांगायचं तर गुडघे टेकावे लागतात. ते मी रोज टेकते. पण बोलत काहीच नाही.

आमच्या नागपूरच्या चर्चच्या मंडळीत मला प्रार्थनेची मावशी म्हणतात. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं, कोणाच्या पोराची मिहानमधली नोकरी जायची वेळ आली, की फोन माझ्याकडे येतो. "मावशी, प्रार्थनेत ठेवा जी." मी म्हणते, ठेवते. आणि ठेवत नाही. तुम्हाला वाटेल, काही मोठं दुःख कोसळलं असेल. तसं काही झालं नाही. कोणी गेलं नाही, काही बुडालं नाही. एका पहाटे लक्षात आलं, की मी नुसते ओठ हलवते आहे आणि पलीकडे कोणी नाही. विहिरीत बादली सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे मी ओठ हलवणंही सोडलं. तेव्हाच कोणाला सांगितलं असतं तर? पण प्रार्थनेच्या मावशीने कोणाला फोन करायचा?

एवढंच असतं, तर मी हे सांगायला बसले नसते. कोरड्या मनाने जगणारी माणसं पुष्कळ असतात. माझं पाप त्याच्या पुढचं आहे.

सुषमा आमच्याच मंडळीतली. तिचा नवरा विलास वाडीच्या एका गोदामात कामाला होता. मूळचा रामटेककडचा, शेतकरी घरातला. लग्नाआधी त्याने बाप्तिस्मा घेतला, म्हणून थोरल्या भावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. ते पुन्हा कधी जुळलं नाही. मग विलासचं लिव्हर गेलं, आणि भर उन्हाळ्यात त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. मी भेटायला जायचे. सुषमाच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटायचे. तिला वाटायचं, मावशी मनातल्या मनात प्रार्थना करते आहे. मी – मी काहीच करत नव्हते.

एका दुपारी तिने मला वॉर्डाबाहेर गाठलं.

"मावशी, डॉक्टर म्हणून राहिले, जवळच्या लोकायले बोलावून घ्या. हेही म्हणतेत, भावाले फोन लाव. पण भावाले बोलावलं म्हणजे मी आस सोडल्यासारखंच होते न? तुमाले काही वचन भेटलं का जी?"

आमच्यात प्रार्थना करताना शास्त्रातली एखादी ओळ मनात ठामपणे उमटली, की वचन मिळालं म्हणतात. म्हणजे देवाने उत्तर दिलं. मला कुठून मिळणार होतं? मी विचारलंच नव्हतं. "ठाऊक नाही, पण तू फोन लाव" – एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण ती ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होती, ती नजर मला हवी होती. आणि खरं सांगायचं तर पाय दुखत होते, बाहेर ऊन रणरणत होतं, मला घरी जायचं होतं.

मी म्हणाले, "मिळालंय. तो उठेल."

भावाला फोन केलाच गेला नाही. सुषमा आत गेली आणि माझ्यासमोर विलासला म्हणाली, "तुम्ही बरे झाले का आपणच जाऊ रामटेकले." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात तो गेला. गेल्याचा निरोप मिळून भाऊ कब्रस्तानात पोचला तेव्हा माती लोटून झाली होती. त्या ओल्या ढिगाकडे बघत तो सुषमाला म्हणाला, "एक फोन नाही करता आला काय वं तुले?" ती मान खाली घालून उभी राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही. मी तिच्या मागेच होते, तिच्यावर उन्हाची छत्री धरून.

तुम्ही म्हणाल, हेच ते. नाही – अजून आहे.

काही दिवसांनी ती घरी आली. रडत नव्हती. चहा तसाच ठेवून म्हणाली, "देवाचं वचन तर खोटं नसते न मावशी? मंग चुकलं कुठं?"

दार उघडं होतं. एका वाक्यात सगळं संपलं असतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या, मंडळीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती – पण ती सुटली असती. मी काय म्हणाले? म्हणाले, "वचनाला विश्वासाची जोड लागते, सुषमा."

ती हळूच म्हणाली, "हो जी. मी एकदा भेली होती. वाटलं होतं, हे आता जातेत. तेव्हाच तुटलं असन."

मी मान हलवली. हो, हलवली.

तेव्हापासून ती प्रार्थनेत खंड पडू देत नाही. तापातही पहाटे उठते. शुक्रवारचा उपवास सोडत नाही. तिच्या मुलीला कॉलेजातून यायला उशीर झाला, तर ती काळजी करायलाही घाबरते. सगळे म्हणतात, विश्वास असावा तर असा. आणि म्हणतात, मावशीनेच तिला घडवलं.

गेल्या रविवारी भक्तीत एक तरुण आई रडत होती. तिचं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. सुषमा साक्ष द्यायला उभी राहिली. तिला म्हणाली, "बाई, भेऊ नको. मी भेली, म्हणून माह्या नवरा गेला. तू तसं करू नको." त्या पोरीने एकदम डोळे पुसले. भीती दिसू नये म्हणून पुसतात, तसे.

मी पहिल्या बाकावर होते. उठले नाही. मग पाळकसाहेबांनी मलाच शेवटची प्रार्थना करायला सांगितली, आणि मी केली – चांगली, खड्या आवाजात. सगळे आमेन म्हणाले.

बाहेर पडताना फाटकापर्यंत सुषमाने माझा हात धरला होता, पायरीवर मी घसरू नये म्हणून. मी तेव्हाही तिला काही सांगितलं नाही.