घरचा हॉर्न

जानेवारीतल्या एका मंगळवारी दादा सकाळी साडेसहाला पिकअप घेऊन घरून निघाला. मानेसरला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. रांगेतला ट्रेलर मागे आला. ट्रेलरवरचे पाइप काच फोडून केबिनमध्ये शिरले. दादा केबिनमध्ये होता. सव्वानऊला मला फोन आला. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना सांगितलं.

त्या दिवसाबद्दल मला आणखी जे लिहायचं आहे ते एका बटणाबद्दल आहे. ते लिहायला दीड वर्ष गेलं.

आम्ही लातूरकडचे. दादा दिल्लीजवळ फरीदाबादला सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि तीन वर्षांनी त्याने मला स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बोलावून घेतलं. पुढे नोकरी सोडून त्याने पिकअप घेतली. फरीदाबादच्या छोट्या कारखान्यांतली रबरी सीलची खोकी तो मानेसरला पोचवायचा. मी परीक्षा देत राहिलो. माझे सगळे प्रयत्न संपले, तरी दादा मला कलेक्टरच म्हणायचा. त्यात टोमणा किती आणि आशा किती, हे मी कधी विचारलं नाही. आता मी मराठी मुलांना ऑनलाइन राज्यव्यवस्था शिकवतो. व्याख्यानं घरीच रेकॉर्ड करतो. पहिल्या मजल्यावर माझी खोली, आणि खिडकीखाली दादाची गाडी उभी असायची.

हॉर्न बसवायचं त्याच्या डोक्यात आलं ते एका ट्रेलरमुळेच. गुरुग्रामच्या अलीकडे, टेकड्यांमधल्या रस्त्यावर, ट्रेलरवाल्याने त्याला न बघता दुभाजकाकडे दाबत नेलं होतं. दादा हॉर्न दाबत राहिला. घरी येऊन त्याने वहिनींना आणि मला तो प्रसंग जेवता जेवता करून दाखवला.

"मी आपला पीं पीं, पीं पीं. त्याला वाटलं असेल, कुणाचं तरी खेळणं वाजतंय."

"मग काय करणार आहात?" वहिनी म्हणाल्या.

"मोठा हॉर्न. तीन भोंग्यांचा. ट्रेलरवाल्याची झोप उडाली पाहिजे."

मी म्हणालो, "प्रेशर हॉर्न बेकायदेशीर आहे, दादा."

"पेपरात प्रश्न येणार असेल तर लिहून ठेव. मला रस्त्यावर ट्रेलर दिसतो."

वहिनींना हसताना ठसका लागला. पुढच्या रविवारी मीही त्याच्याबरोबर मिस्त्रीकडे गेलो. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. मी गेलो ते माझ्या सकाळच्या शांततेसाठी.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर आणि खाली दोन लाकडी बाकं. त्याने खोक्यातून लाल रंगाचे तीन भोंगे काढून बाकावर मांडले. एक लांब, एक मधला, एक आखूड. सोबत मुठीएवढा कॉम्प्रेसर आणि पारदर्शक नळी. भोंग्यांची तोंडं त्याने बंपरच्या मागे खाली वळवून बसवली, म्हणजे पाणी आत साठणार नाही. बॅटरीपासून जाड तार ओढली. छोट्या हॉर्नच्या बारीक तारेवर कॉम्प्रेसर चालवला तर तार जळते, असं तो दादाला सांगत होता आणि दादा वर्गातल्या मुलासारखा मान डोलवत होता. मी बाकावर पुस्तक उघडून बसलो होतो. पान काही उलटलं नाही.

सगळं झाल्यावर दादाने हॉर्न दाबला. समोरच्या दुकानदाराने हातातलं शटर अर्ध्यावरच सोडलं. मिस्त्रीच्या बाकावरचा चहाचा ग्लास हलताना मी पाहिला. दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"कसा?"

"हा गल्लीत वाजणार का?" मी विचारलं.

त्याचा चेहरा थोडा उतरला. मग मीच तोडगा काढला. जुना हॉर्न काढायचा नाही. दोन्ही ठेवायचे आणि मध्ये एक बटण बसवायचं. खाली केलं की छोटा वाजेल, वर केलं की मोठा. गल्लीत छोटा, रस्त्यावर मोठा.

मिस्त्रीला ते पटलं नाही. "एक ही रखो, भैया. टाइम पे हाथ हॉर्न पे जाएगा, बटन पे थोड़ी जाएगा."

"आदत पड़ जाएगी," मी म्हणालो.

"आदत ही तो मरवाती है."

मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं. समजावून सांगणं हेच माझं काम आहे. शेवटी दादाच म्हणाला, "लगा दो, उस्ताद. घर में कलेक्टर बैठा है."

बटण स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बसलं. मी वहीतल्या कागदाच्या दोन चिठ्ठ्या कापून, त्यावर पेनाने लिहून, चिकटपट्टीने लावल्या. खाली 'घर', वर 'बाहेर'. मिस्त्रीने वाकून बघितलं. "वाह. गाड़ी को भी पढ़ा-लिखा दिया."

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन हॉर्न झाले, घरचा आणि बाहेरचा. वहिनीही तसंच म्हणायच्या. सकाळी निघताना दादा खिडकीखाली घरचा हॉर्न दोनदा वाजवायचा. म्हणजे, निघालो. मग चार-पाच मिनिटांनी नाल्यावरच्या पुलावर तो बटण वर करायचा आणि बाहेरचा एकदा वाजवून बघायचा. बटण वर, लगेच हॉर्न. या दोन्हींची मिळून त्याच्या हाताला एकच सवय लागली होती. पुलावरचा तो आवाज आमच्या घरापर्यंत अगदी बारीक होऊन यायचा. तो आला की मी पेन उचलायचो. तेव्हा मला वाटायचं, मी फक्त शांतता सुरू व्हायची वाट बघतो आहे.

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "उद्या सकाळी माझं रेकॉर्डिंग आहे. पुलावरचा नको वाजवू. माइकमध्ये येतो."

तो बुटांच्या नाड्या सोडत होता. "बरं, साहेब," म्हणाला.

एवढंच. आमचं शेवटचं बोलणं हे नव्हतं. त्यानंतर जेवणं झाली, थंडीवर बोलणं झालं, त्याने माझ्या ताटातलं लोणचं उचललं. पण मला हेच आठवतं.

त्या मंगळवारी गाडी पोलिस चौकीच्या आवारात उभी होती. पुढची काच सोडली तर तिचं फारसं नुकसान झालं नव्हतं. सीटवर कुणीतरी पोतं टाकलं होतं. वहिनी आत कागदांवर सह्या करत होत्या. मी पलीकडचं दार उघडून आत वाकलो आणि बटण पाहिलं.

ते खाली होतं.

माझ्या अक्षरातला 'घर' हा शब्द तिथे स्वच्छ दिसत होता. मी अंगठ्याने बटण वर केलं. का केलं याची बरीच उत्तरं मी नंतर तयार केली आहेत. त्या क्षणी मनात एकही नव्हतं. शाळेत पाटीवरचं चुकलेलं उत्तर गुरुजी यायच्या आत पुसावं, तसा हात गेला.

वहिनी आल्या. त्यांनी आत पाहिलं. पोत्याकडे नाही, बटणाकडेच.

"बाहेरचाच होता ना, भावजी?"

"हो," मी म्हणालो.

ट्रेलरच्या ड्रायव्हरने जबाबात म्हटलं होतं की धुकं होतं, मागचं काही दिसलं नाही आणि काही ऐकूही आलं नाही. वहिनींना ते सहन होईना. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या, "एवढा मोठा हॉर्न, पुलावरून घरापर्यंत ऐकू येतो. त्याला ऐकू येत नाही? बहिरा होता का मेला?" लोक माना हलवायचे. लातूरहून आलेल्या काकांनी तेच पुढे दुसऱ्यांना सांगितलं. दोन महिन्यांत माझं एक 'हो' सगळ्या नातेवाइकांत जाऊन आलं.

मी त्या काळात शिकवणं थांबवलं नाही. फक्त मधेच थांबायचो. या शहरात छोट्या हॉर्नना तोटा नाही. स्कूटर, ई-रिक्षा, दूधवाला. कुठेही दोनदा वाजला की माझं वाक्य तुटायचं आणि मी पुलावरच्या आवाजाची वाट बघायचो. चार मिनिटं. पाच मिनिटं. मुलांना वाटायचं, सर विचार करतायत.

त्या सकाळचं रेकॉर्डिंग मी तपासलं आहे. विषय होता संसदेतली विधेयकाची वाचनं. तिसऱ्या मिनिटाला खालून दोनदा हॉर्न वाजतो. मी बोलता बोलता थांबतो आणि त्रासलेल्या आवाजात "एक मिनिट" म्हणतो. मग पुढे चालू. त्यानंतरची दहा मिनिटं मी कानाला हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकली. पुलावरचा आवाज त्यात नाही. खिडकी बंद होती, तो कदाचित आलाच नसता. पण दादाने माझं ऐकलं असणार. हॉर्न वाजवायचा नाही म्हणून हात बटणाकडे गेलाच नसणार. मग टेकड्या, मग गुरुग्राम, मग मानेसर, आणि सगळ्या रस्त्याला खाली 'घर'.

मार्चमध्ये वहिनींनी ठरवलं की गाडी त्या स्वतः चालवणार. त्यांना चालवता येत होतं. दादाने रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर शिकवली होती. लायसन्सचं तेवढं राहिलं होतं, तेही त्यांनी करून घेतलं. कारखानेवाले सुरुवातीला हसले, मग खोकी द्यायला तयार झाले. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिस्त्रीकडे येता का? तो मोठा हॉर्न काढून टाकू."

"का?"

"एवढा ओरडून काय झालं? त्यांचं कुणी ऐकलं का? उगीच पोलिस अडवतात ते वेगळंच. छोटा पुरे."

मी त्यांच्या शेजारी बसून गेलो. त्या सरळ पाठीने गाडी चालवत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. नाल्यावरचा पूल आला. त्यांनी बटणाला हात लावला नाही.

मिस्त्रीने आम्हाला ओळखलं. त्याने आधी हात धुतले, वहिनींना बसायला बाक दिलं. मग काम ऐकून घेतलं आणि पाना घेऊन बंपरखाली आडवा झाला. त्याचे पाय बाहेर दिसत होते. पहिला नट सैल झाल्याचा आवाज आला.

"वहिनी," मी म्हणालो, "नका काढू."

"का?"

"तो वाजलाच नव्हता."

त्या बाकावरून माझ्याकडे वळल्या.

"बटण खाली होतं. मी वर केलं. तुम्ही आत सह्या करत होतात तेव्हा." मग पुलाबद्दल आणि माझ्या रेकॉर्डिंगबद्दलही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज शिकवतानासारखाच, एका पट्टीत होता. त्याची मला लाज वाटली.

गाडीखालून मिस्त्रीने विचारलं, "मैडम, खोल दूँ?"

"रुको, भैया."

रस्त्यावरून ट्रक जात होते. वहिनींनी ओढणीच्या टोकाला एक गाठ मारली, सोडली, परत मारली.

"म्हणजे त्यांनी पीं पीं केलं," त्या म्हणाल्या. "शेवटी."

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि मी सगळ्या जगाला सांगत फिरले. भावजी, मला विचारून तरी खोटं बोलायचं होतंत."

"चुकलं."

"बटण विसरला तो त्यांचा हात. तुम्ही नको म्हणालात, ठीक आहे, घरात माणूस म्हणतो. त्याचं मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण ते वर केलंत ना, ते मला कधी पटणार नाही. उद्या मी त्याच रस्त्यावर छोटा हॉर्न घेऊन गेले असते."

"म्हणून तर सांगितलं."

"आज सांगितलंत."

त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि वाकून मिस्त्रीला म्हणाल्या, "भैया, बड़ावाला वापस कस दो. छोटा निकाल दो. और वो बटन भी."

मिस्त्री बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी मी त्याला काय समजावलं होतं ते त्याला आठवत असणार. त्याने बटण काढलं, तारा सरळ जोडल्या, त्यावर काळी टेप गुंडाळली. जुना हॉर्न आणि बटण त्याने भंगाराच्या डब्यात टाकलं. मी ते मागितलं नाही. वहिनींनी बसून एकदा हॉर्न दाबला. समोरच्या दुकानदाराने वर पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

त्या रात्री वहिनींनी लातूरला फोन करून काकांना खरं काय ते सांगितलं. माझं नाव घेतलं का, मला माहीत नाही. काकांनी त्याबद्दल मला कधी विचारलं नाही.

वहिनी रोज सकाळी साडेसहाला निघतात. खिडकीखाली मोठा हॉर्न एकदा वाजतो. गल्लीतल्या लोकांनी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा मीच खाली जाऊन त्यांची माफी मागितली आणि हॉर्न बदलणार नाही असं सांगितलं. रेकॉर्डिंग आता मी दुपारी करतो. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेवायला मात्र हाक मारतात.

विधेयकावरचं ते व्याख्यान अजून साइटवर आहे. मुलं अधूनमधून त्याखाली लिहितात की आवाज नीट आहे, फक्त तिसऱ्या मिनिटाला कुठल्यातरी गाडीचा हॉर्न येतो, तेवढा भाग कापला तर बरं होईल.

मी तो कापलेला नाही. डॅशबोर्डवर बटणाच्या जागी एक भोक आहे. घरचा हॉर्न फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, दोनदा.