झाडण्याआधीचा सडा

कर्वेनगरला छातीच्या डॉक्टरांकडे मी माझा चिवट खोकला घेऊन बसलो होतो. बाहेर आभाळ पिठासारखं पांढरं झालं होतं आणि भर दुपारी सूर्याकडे खुशाल बघता येत होतं. अरबस्तानातल्या वादळाची धूळ वाऱ्याबरोबर पुण्यापर्यंत आली आहे, असं बातम्यांत सांगत होते. पुण्यात धुळीची टंचाईच होती ना!

शेजारी साठीचे एक गृहस्थ होते. काहीही बोलण्याआधी ते बाटलीतलं घोटभर पाणी पीत आणि श्वास इतका जपून घेत, की छाती हललेली दिसत नसे.

"घसा सुकतो का हो?" मी विचारलं.

त्यांनी घोट घेतला. "नाही. उमेदीची सगळी वर्षं आखातात रस्ते बांधले. तिकडची धूळ छातीत बसलीये. अंगण झाडण्याआधी आई सडा टाकायची ना, तसं करतो. बसलेली धूळ उठवायची नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. खिडकीच्या गजावरची पिवळसर धूळ त्यांनी बोटावर घेतली, चोळली, हुंगली.

"तीच आहे," ते म्हणाले. या वेळी घोट घ्यायचा राहिला.

त्यांच्या छातीतून आवाज येऊ लागला, पत्र्यावर वाळू ओतत राहावी तसा. ते खोकत नव्हते. श्वास रोखून खिडकीबाहेर बघत होते, तरी आवाज चालूच होता.

तेवढ्यात माझा नंबर आला. डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावली. "हं, मोठा श्वास घ्या."

"डॉक्टर," मी म्हणालो, "आधी घोटभर पाणी मिळेल का?"